जैबुनची झोप

“...मग उस्ताद, माझं चुकतंय कुठं, तेवढं एक सांगा.”

 बाबालाल उस्तादांनी लाकडी ठोकळा उचलला आणि कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तारेवर मारला.

टंग.

पुंजकाभर कापूस उडाला आणि मौलाना तौफिकच्या दाढीवर जाऊन बसला.

बोरगावातली ही खोली म्हणजे बाबालाल नदाफांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. भिंतीला भिंत लागून छोटी मशीद. पाच वेळची अजान उस्तादच देत. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्यापुढे बसून अलिफ-बे शिकल्या होत्या. तौफिक त्यांतलाच एक. पुढे तो मोठ्या मदरशात गेला, आठ वर्षांनी मौलाना होऊन परतला आणि शेजारच्या गावी इमाम झाला.

आवाज खणखणीत. पाठांतर असं की किताब न उघडता पानामागून पान सांगायचा. आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि ते तो दुसऱ्या कोणाला विसरू देत नसे.

दुपारची नमाज झाल्यापासून तो बोलत होता. अर्धा तास होऊन गेला होता.

मुद्दा एकच होता. तौफिकच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, मुलं सहा, धाकटी सात महिन्यांची. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी त्याच्या बायकोचं, जैबुनचं, रक्त तपासून सांगितलं होतं की रक्त सहावर आलंय. आता लगेच पुन्हा दिवस गेले तर बाई हातची जाईल. ऑपरेशन नको असेल तर राहू द्या, निदान तांबी बसवून घ्या.

जैबुनला ते पटलं होतं. मौलानाला पटलं नव्हतं. उलट येत्या शुक्रवारी तालुक्याच्या मशिदीत त्याचं याच विषयावर बयान, म्हणजे प्रवचन, ठरलं होतं.

महिनाभर घरात अबोला होता. शेवटी जैबुन म्हणाली, उस्ताद सांगतील ते मी ऐकीन. मौलाना म्हणाला, मीही ऐकीन. दोघांनाही खात्री होती की उस्ताद आपल्याच बाजूने बोलतील.

“उस्ताद, जीव जन्माला यायच्या आधीच त्याचं रिझ्क, त्याचं दाणापाणी, लिहिलेलं असतं. हे तरी मान्य?”

“मान्य.”

“मग खायला कोण देतो?”

“अल्ला देतो. त्यात मला कधी शंका आली न्हाई.” उस्तादांनी कापूस पुढे ओढला. “शिजवतं कोण?”

मौलाना अडखळला. “म्हणजे?”

“काय न्हाई. तू बोल.”

टंग.

मौलानाने दाढीतला कापूस काढला आणि पुढचा मुद्दा काढायला तोंड उघडलं. पण उस्तादांचं लक्ष दाराकडे गेलं होतं. तिथं उंबऱ्याशी जैबुन बसली होती. मांडीवर धाकटी मिस्बा, शेजारी एक बोचकं, आणि अंगणात बाकीची पाच.

“बोचक्यात काय आणलंस गं?”

“रजई हाय, उस्ताद. कापसाचं गोळं झाल्यात.” जैबुनचा आवाज एवढा बारीक होता की उस्तादांनी कानाला हात लावला. “पिंजून द्या. आन जरा मोठी करा. पोरं मावत न्हाईत.”

“ये, आत ये. ऊन लागतंय तिथं.”

ती आत आली. बसायला जागा अशी नव्हतीच. भिंतीशी पिंजून ठेवलेल्या कापसाचा कमरेएवढा ढीग होता, त्याला टेकून ती बसली.

“उस्ताद, रजईचं नंतर बघू,” मौलाना म्हणाला. “आधी मसला, शरियतचा सवाल.”

“मसला कुठं पळून जात न्हाई. माप आधी.” उस्तादांनी अंगणात हाक मारली. “या रं समदी. वळीनं झोपा हितं.”

मुलांना हा खेळ फारच आवडला. पाचही जण आत घुसले आणि सतरंजीवर आडवे झाले. मोठी तरन्नुम नऊ वर्षांची, तिने सगळ्यांना ढकलून ढकलून सरळ केलं. उस्तादांनी सुतळी घेतली आणि एका टोकापासून मापायला लागले.

“आता तू,” ते मौलानाला म्हणाले.

“माझं अंथरूण वेगळं आहे, उस्ताद. मला फजरच्या नमाजाला पहाटे उठायचं असतं.”

“बरं. मंग ह्या कडंला जैबुन.”

“हो.”

“का त्या कडंला?”

मौलानाने त्या कडेला पाहिलं. मग या कडेला पाहिलं. सगळी किताबं तोंडपाठ असलेला माणूस, पण एवढं त्याला काही आठवेना.

“असते ती... तिथंच कुठंतरी,” तो म्हणाला.

“सुतळीला तिथंच-कुठंतरी कळत न्हाई. कडा सांग.”

“तरन्नुम,” मौलानाने हुकूम सोडला, “अम्मी कुठल्या बाजूला झोपते?”

“अम्मी झोपत न्हाई,” तरन्नुम पडल्या पडल्या म्हणाली. “बसती.”

“बसते म्हणजे?”

तरन्नुम उठली. भिंतीला पाठ लावून बसली. एक हात मांडीवर दुमडला, तिथं धाकटी आहे असं धरून. मग एक पाय लांब केला आणि अंगठा हलवायला लागली.

“अंगठ्याला पाळण्याची दोरी असती,” ती म्हणाली. “पाळण्यात छोटा असतो. त्यो उठला की अम्मी अंगठा हलवती. मिस्बा उठली की दूध पाजती. मंग छोटा उठतो.”



उस्तादांनी सुतळी गुंडाळली. माप झालं होतं. रजईत मुलंच होती, जैबुन त्यात नव्हती.

“जैबुन,” मौलाना जरा चिडूनच म्हणाला, “तू हे कधी...”

उस्तादांनी बोट वर केलं.

मौलानाने मान वळवली. जैबुन कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतली होती. डोकं एका बाजूला कललेलं, तोंड किंचित उघडं. ती झोपली होती, अशी तशी नाही, गाढ झोपली होती. तिचा हात सैल पडला होता आणि मांडीवरची मिस्बा हळूहळू खाली घसरत होती.

उस्तादांनी नुसत्या डोळ्यांनी मिस्बाकडे खूण केली. मौलाना उठला आणि तापलेलं भांडं उचलावं तसं लेकीला उचलून घेतलं.

“उठवतो तिला,” तो म्हणाला. “तुमच्यासमोर असं झोपणं म्हणजे बेअदबी आहे.”

“हळू बोल.”

“पण बेअदबी...” मौलाना हळू बोलला.

“कुणाची?”

 उस्तादांनी धनुकली उचलून हलकेच कोपऱ्यात उभी केली. म्हणजे आज पिंजण बंद. ते बोटांनी कापूस पिंजायला लागले. त्यात आवाज होत नाही, कामही होत नाही.

“तुझा मसला ऱ्हायला,” ते कुजबुजले.

“असा? कुजबुजत?”

“अल्लाला ऐकू जातं.”

मौलाना मांडी घालून बसला. मिस्बाने लगेच त्याच्या दाढीत हात घातला.

“उस्ताद,” तो कुजबुजला, “कयामतच्या दिवशी पैगंबर हुजूर आपल्या उम्मतीच्या, साऱ्या अनुयायांच्या, संख्येचा फख्र करतील. ही गोष्ट तर...”

“खरी हाय.”

“मग संख्या वाढवायची की घटवायची?”

“त्या संख्येत जैबुन धरलीया का?”

“म्हणजे काय. ती उम्मतीतच आहे.”

“रजईत नव्हती म्हून इचारलं.”

मौलानाने दाढी सोडवून घेतली. त्याने आवाजाला जरा धार लावली, पण कुजबुजीला धार लावून लावणार किती?

“उस्ताद, तुम्ही विषय फिरवताय. किताबाचं बोला.”

“बरं, किताबाचं. पैगंबरांच्या सहाबांच्या जमान्यात मूल लांबवायची काळजी लोक घेत व्हते का न्हाई?”

“घेत होते. अज्ल करत होते, ऐनवेळी बाजूला होत होते. कुरआनाची वह्य उतरत होती, तरी त्याची मनाई आली नाही.” हे मौलानाला पाठ होतं, आणि पाठ असलेलं लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “पण काही बुजुर्गांनी ते नापसंत केलंय.”

“केलं असंल. त्यांच्याजवळबी कारण असंल. ज्यांनी चालतं म्हणलं, त्यांनी अट कसली घातली?”

“बायकोची इजाजत.”

“म्हंजे थांबायचं तर तिला इचारून.”

“हो.”

“आन थांबायचं नसंल तर?”

 मौलानाने डोळे मिटून मनातल्या मनात पानं उलटली. बरीच उलटली.

“तसा सवाल... कुणी विचारलेला दिसत नाही,” तो म्हणाला.

“बरं,” उस्ताद म्हणाले आणि कापूस पिंजत राहिले.

...

मौलानाला हे ‘बरं’ अजिबात आवडलं नाही. वादात हरायची त्याला सवय नव्हती आणि कुजबुजत हरायची तर मुळीच नव्हती.

“तुम्ही माझं बयान ऐकलं ना, तर तुमची खात्री पटेल,” तो म्हणाला. “शुक्रवारचं. पाऊण तासाचं आहे. रडतील लोक.”

“म्हण की मंग.”

“इथं?”

“शुक्रवारी मला गुडघ्यामुळं तालुक्याला यायला व्हायचं न्हाई. हितंच म्हण. हळू.”

मौलानाला मोह आवरला नाही. त्याने टोपी सारखी केली, घसा हळूच खाकरला आणि बयान सुरू केलं. त्याचं बयान म्हणजे नदीला पूर यावा तसं असायचं. सुरुवात संथ, मग चढत चढत शेवटी ललकारी, की लोकांच्या तोंडून आपोआप सुभानअल्ला निघायचं. पण तो पूर आज चहाच्या बशीतून काढायचा होता.

“बुजुर्गो और दोस्तो,” तो कुजबुजला, “औलाद ही अल्लाहची नेमत आहे. ज्या घरात मुलांचा आवाज, त्या घरात...”

“अब्बा,” चार वर्षांचा उमेर म्हणाला, “मला मुतायचंय.”

“श्श. त्या घरात बरकत. फरिश्ते त्या घरावर...”

“आत्ताच यायलीया.”

मौलानाने मिस्बाला खांद्यावर टाकलं, उमेरला बखोटीला धरलं आणि बाहेर नेऊन आणलं. परत येऊन बसला.

“कुठवर आलतास?” उस्तादांनी विचारलं.

“फरिश्ते.”

“हां.”

“फरिश्ते त्या घरावर रहमत घेऊन उतरतात. आज लोक म्हणतात, एक पुरे, दोन पुरे. मी विचारतो...” इथं पहिली ललकारी होती. मौलानाचा हात सवयीने वर गेला, छाती भरून आली, आणि त्याच वेळी त्याची नजर जैबुनकडे गेली. त्याने भरलेली हवा नाकाने सोडून दिली. “...मी विचारतो, का पुरे?”

सुभानअल्ला कोणी म्हटलं नाही. दोन वर्षांच्या छोट्याने मूठभर कापूस तोंडात कोंबला होता. मौलानाने बोट घालून तो काढला. छोट्याने रडायला तोंड वासलं. मौलानाने घाईघाईने त्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि गुडघा हलवायला लागला.

“उस्ताद, एवढ्यापुरतं तिला उठवू का? पाच मिनिटं नुसतं ह्याला घेईल.”

“तू बोल. चांगलं चाललंय.”

“औलाद सांभाळणं ही तकलीफ नाही,” मौलाना म्हणाला. गुडघा हलतच होता, त्यामुळे शब्दही हलत होते. “ती इबादत आहे. ज्याला ती तकलीफ वाटते, त्याने आपलं ईमान...”

इथं तो मध्येच थांबला. चेहरा विचित्र झाला. मग त्याने मिस्बाला जरा वर उचललं आणि आपल्या पांढऱ्या शुभ्र, इस्त्रीच्या कुर्त्याकडे पाहिलं. छातीपासून मांडीपर्यंत ओला.

तरन्नुम फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला.

“उस्ताद, आता असरच्या नमाजाची वेळ होत आली. कपडे नापाक झाले. पिशवीत दुसरा कुर्ता आहे, पण पिशवी कुठं ठेवलीय ते हिलाच माहीत. आता तरी...”

“मुलगा का मुलगी?” उस्तादांनी विचारलं.

“मुलगी.”

“मुलगा दूधपिता असता तर नुसतं पाणी शिंपडून भागलं असतं. मुलगी हाय. धुवायला लागंल. हौद तिकडं हाय.”

मसला अगदी बरोबर होता. त्यामुळेच मौलानाला जास्त राग आला. तो लेकीला तरन्नुमकडे देऊन हौदावर गेला. कुर्ता अंगावरच धुतला, पिळला आणि ओलाचिंब परत आला. तेवढ्या वेळात छोटा आणि उमेर यांची सुतळीवरून मारामारी जुंपली होती. मौलानाने एकाला इकडे, एकाला तिकडे बसवलं. मिस्बाला भूक लागली होती. तिने त्याच्या कुर्त्याची गुंडी चोखून पाहिली आणि नापसंतीचा एक लांबलचक सूर काढला. तो मोठा व्हायच्या आत मौलाना उठून येरझाऱ्या घालायला लागला.

उस्तादांनी कोनाड्यातलं बिस्किट काढलं, पाण्यात भिजवलं आणि वाटी पुढे केली. मौलानाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लेकीला चमच्याने भरवलं. निम्मं तिच्या पोटात गेलं, निम्मं त्याच्या दाढीत.

“ईमानापर्यंत आलतास,” उस्ताद म्हणाले.

“उरलेलं... नंतर,” मौलाना म्हणाला.

मला विचाराल तर त्या पाऊण तासाच्या बयानातली सहा मिनिटंसुद्धा पुरी झाली नव्हती.

...

असरची वेळ झाली. मौलाना नुकताच खाली टेकला होता. तो उठायला लागला.

“तुमचा गुडघा दुखतोय. अजान मी देतो,” तो म्हणाला. “माईकचं बटण कुठं आहे?”

“माईक ऱ्हाऊ दे.”

मशिदीचा कर्णा दुकानाच्या छपरावरच बांधलेला होता, तोंड खाली करून. अजान सुरू झाली की कोनाड्यातली भांडी वाजायची. उस्तादांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. मग झोपलेल्या जैबुनकडे पाहिलं. मग काठी घेऊन ते मशिदीच्या पलीकडच्या अंगाला गेले, चिंचेखाली उभे राहिले, कानांवर हात ठेवले आणि साध्या आवाजात अजान दिली.

गावात पंचवीस वर्षं अजान माईकवर होत होती. त्या दिवशी नमाजाला तीनच माणसं आली, तीही घड्याळ बघून. त्यांतला राजेखान मुलाणी उस्तादांना म्हणाला, “लाईट गेलीया का?”

“न्हाई.”

“मंग मशीन बिघडलं?”

“न्हाई.”

“मंग काय झालं?”

“बाई झोपलीया एक.”

राजेखानने यावर थोडा विचार केला. मग चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत मशिदीत गेला.

मौलानाला मात्र जमाअतीच्या नमाजाला जाता आलं नाही. मिस्बा खाली ठेवली की सूर लावायची. शेवटी ती तरन्नुमच्या मांडीवर जरा निजली, तशी त्याने दुकानातच, ओल्या कुर्त्यावर, एकट्याने नमाज धरली.

उस्ताद नमाज आटोपून परतले तेव्हा मौलाना सजद्यात होता, कपाळ जमिनीला टेकून. ते दारात थांबले. मौलाना सजद्यातच. ते काठीवर रेलले. मौलाना अजून सजद्यातच. उमेर त्याच्या पाठीवर घोडा घोडा करत बसला होता आणि छोटा मानेवर चढायच्या बेतात होता.

बऱ्याच वेळाने दोघंही आपणहून उतरले. मौलानाने नमाज पुरी केली, सलाम फिरवला.

“सजदा लांबला,” उस्ताद म्हणाले.

“उठलो असतो तर पोरं पडली असती.”

 त्या दिवशी प्रथमच उस्तादांनी मौलानाकडे जरा मायेने पाहिलं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तरन्नुमनेही पाहिलं.

मौलाना भिंतीला पाठ लावून बसला. मिस्बा परत त्याच्या खांद्यावर आली होती. टोपी कुठं गेली होती कोण जाणे. तो जैबुनकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. नखं पांढरी होती. दहा वर्षांपूर्वी लग्नात तिचे गाल भरलेले होते, एवढं त्याला आठवत होतं. ते कधी बसले हे त्याला सांगता येईना.

“सिस्टर म्हणाली होती,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा कुजबुजला, “की बाई हातची जाईल.”

“म्हणली असंल.”

“मला वाटलं, घाबरवते आहे.”

उस्ताद कापूस पिंजत राहिले.

“उस्ताद... खरंच गेली तर?”

  मौलानाने लेकीला छातीशी घट्ट धरलं. मोठमोठ्या सभांमध्ये न डगमगणारा माणूस तो, पण आता मनातून पुरता घाबरला होता.

...

ऊन दारातून निघून अंगणात गेलं तेव्हा जैबुनला जाग आली.

ती दचकून उठली. पहिल्यांदा मांडी चाचपली. मांडी रिकामी. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिला नवऱ्याच्या खांद्यावर मिस्बा दिसली. मग तिने खोलीभर नजर फिरवून एकेक मोजून घेतलं. सहा भरल्यावर तिने श्वास सोडला आणि पदर सावरला. केसांत सगळा कापूस.

“या अल्ला. किती वाजलं?”

“असर झाली अम्मी,” तरन्नुम म्हणाली.

“झाली? आन मला अजान कशी ऐकू आली न्हाई?”

उस्ताद सुई शोधायला वळले.

“उस्ताद, माफ करा,” ती म्हणाली. शरमेने तिला वर बघवेना. “डोळा कवा लागला कळलंच न्हाई. तुमचं बोलणं झालं आसंल. काय ठरलं?”

उस्तादांनी सुई घेतली होती, तिच्यात दोरा ओवत होते. दोरा जात नव्हता.

“उस्ताद, सांगा आता,” मौलाना म्हणाला. “हो म्हणा, नाही म्हणा, मला कबूल आहे. मी वाद घालणार नाही.”

उस्तादांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. मान वर केली. पण मौलानाकडे पाहिलं नाही. जैबुनकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

इतका वेळ पाहत राहिले की शेवटी मौलानानेही तिकडे पाहिलं.

“जैबुन,” तो म्हणाला. आवाज अजून कुजबुजीचाच होता. सवय लागली होती. “तू... काय म्हणतेस?”

जैबुनने मागे वळून पाहिलं. मागे कापूसच होता.

“मी?”

“हो. तू.”

 तिने तोंड उघडलं, मिटलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हेच तिला कळेना.

“मला जगायचंय,” शेवटी ती म्हणाली. “ह्यास्नी मोठं झाल्यालं बघायचंय. तरन्नुमचा निकाह माझ्या हातनं व्हावा वाटतंय. सहा दिली अल्लानं, माझी काय तक्रार न्हाई. पण आता पुरं म्हणती मी. तांबी बसवून घेती.”

एवढं बोलून ती थकली, आणि पदर डोळ्यांना लावला.

मौलानाने मान खाली घातली. मिस्बाचा चिकट हात त्याच्या गालावर होता, तो त्याने काढला नाही.

“बरं,” तो म्हणाला. “उद्या सिस्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर.”

“तुम्ही?”

“मुलांना कुणीतरी धरायला पाहिजे. आणि शुक्रवारी... शुक्रवारी मी शेजाऱ्याच्या हक्कांवर बोलेन.”

जैबुन रडता रडता हसली. मिस्बाला घ्यायला तिने हात पुढे केले, तर मिस्बाने तोंड फिरवून बापाच्या मानेत घातलं. ते बघून तर ती आणखीनच हसली.

आता सगळं मिटलं होतं. पण काही झालं तरी मौलाना तो मौलानाच. मन हलकं झालं तसा त्याला आपला ओला कुर्ता आठवला, हरवलेली टोपी आठवली, दाढीतलं बिस्किट आठवलं.

“उस्ताद,” तो जरा फुरंगटून म्हणाला, “एवढंच होतं तर दुपारी, माप झाल्या झाल्या, सांगून टाकायचं होतं. तीन तास मला असं ताटकळत ठेवलंत.”

उस्तादांचा दोरा सुईत गेला. त्यांनी त्याला गाठ मारली.

“दुपारी कसं सांगू बाबा? जिला इचारायचं, ती झोपली व्हती.”